सें-जिरों ते एस्तेरी: पळवाटेवरून, रीतसर व्हिसा काढून

फ्रान्सच्या दक्षिणेला, आरिएज जिल्ह्यात, सें-जिरों नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथून निघालेली एक पायवाट पिरेनीजची मुख्य रांग ओलांडून स्पेनच्या बाजूला आलोस दिसिल आणि पुढे एस्तेरी दानेउला उतरते. नाव 'शमँ द ला लिबर्ते', म्हणजे स्वातंत्र्याची वाट. दुसऱ्या महायुद्धात या वाटेने विमान पडल्यावर वाचलेले दोस्त राष्ट्रांचे वैमानिक, कैदेतून निसटलेले सैनिक, ज्यू कुटुंबं आणि जर्मनीतली सक्तीची मजुरी चुकवणारे फ्रेंच तरुण रात्रीच्या अंधारात पलीकडे गेले. १९९४ पासून ही खुणा केलेली अधिकृत वाट आहे आणि दर जुलैमध्ये तिथले लोक मिळून ती चालतात. मला जुलै जमणार नव्हता, म्हणून मी २०२५ च्या ऑगस्टअखेरीस गेले. तयारी करताना मराठीत काहीच हाती लागलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझं वय त्रेपन्न, सह्याद्रीत तीसेक वर्षं भटकंती, बर्फाचा अनुभव शून्य. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

माझा भाचा तुलूजला विमानाच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे राहायचं म्हटलं की हॉटेलचा खर्च वाचतो, पण फ्रान्समध्ये पाहुण्याला घरी ठेवायलासुद्धा कागद लागतो. यजमानाने आपल्या नगरपालिकेत जायचं, घराचे कागद, घर किती चौरस मीटरचं ते, स्वतःच्या पगाराचे पुरावे दाखवायचे आणि सरकारी तिकीट (२०२५ मध्ये ३० युरोचं) लावून 'आतेस्तास्यों दाकेय' नावाचं निमंत्रणपत्र घ्यायचं. अर्ज नाकारला तरी ते पैसे परत मिळत नाहीत. भाचा ११ मार्चला अर्ज देऊन आला. महिनाभराने पत्र मिळालं. आणि व्हिसासाठी मूळ प्रतच लागते, स्कॅन चालत नाही. ती कुरियरने पुण्याला येईपर्यंत एप्रिल संपत आला.

"मावशी, एवढे कागद तर मला इथली नोकरी घेताना लागले नव्हते," तो फोनवर म्हणाला.

"अरे, ज्यांच्या वाटेने जायचंय त्यांना खोटे करावे लागले होते. आपले खरे आहेत, गप भर."

हे मी थट्टेत म्हटलं खरं, पण त्या काळातल्या कागदांबद्दल वाचायला लागले ते तिथूनच. १९४२ च्या नोव्हेंबरात जर्मन सैन्य फ्रान्सच्या दक्षिण भागातही घुसलं. त्यानंतर सीमेलगतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र झाला आणि तिथे पाऊल ठेवायला वेगळा परवाना लागायचा. म्हणजे बेल्जियममध्ये विमानातून उडी मारलेल्या पोराला डोंगर दिसायच्या आत ओळखपत्र, कामाचा दाखला, परवाना, वर अंगावर बसतील असे साधे कपडे आणि मापाचे बूट मिळायला हवेत. उंच अमेरिकन पोरांच्या पायाचे बूट मिळवणं ही जिकिरीची गोष्ट होती. फोटोसुद्धा फ्रेंच माणसासारखा दिसला पाहिजे. मग त्यांना शिकवायचं: खिशात हात घालून चालू नका, नाणी खुळखुळवू नका, काटा डाव्या हातातच ठेवा, कुणी बोललंच तर मुके-बहिरे व्हा. रेल्वेत वाटाडी चार बाकं सोडून बसणार आणि ओळख दाखवणार नाही. हे सगळं साधणारी माणसं म्हणजे शिंपी, छापखानेवाले, स्टेशनवरचे हमाल, आणि मुख्य म्हणजे बायका, ज्यांच्या स्वयंपाकघरात ही पोरं आठवडा आठवडा लपून राहायची.

माझ्या यादीत ओळखपत्राऐवजी तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांचे आयकर विवरण, ऑफिसचं ना-हरकत पत्र, रजा मंजूर झाल्याचं पत्र, परतीचं तिकीट आणि प्रवासविमा होता. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण बहुतेक स्वस्त पॉलिसींत डोंगर चालणं बारीक अक्षरात वगळलेलं असतं. उंचीची मर्यादाही असते. मी २,५०० मीटरच्या वर जाणार होते, म्हणून कंपनीला मेल करून लेखी उत्तर मागवलं आणि प्रीमियम जास्त भरला. हे नक्की करा. व्हिसाची फी ९० युरो, जून २०२४ पासून तीच आहे, शिवाय व्हिसा केंद्राचा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तारीख मिळायलाच वेळ लागतो, म्हणून तो सहा महिन्यांचा काळ पूर्ण वापरा.

माझी तारीख ६ मे. खिडकीतल्या मुलीने प्रवासाचं वेळापत्रक वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. तुलूजच्या रात्रींना निमंत्रणपत्र होतं, एस्तान्यूसच्या डोंगरघराचं बुकिंग होतं, स्पेनमधलं हॉटेल होतं. २६ ऑगस्ट मात्र रिकामा.

"मॅडम, या रात्री कुठे राहणार?"

"मेंढपाळांच्या झोपडीत. तिचं बुकिंग होत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "कव्हरिंग लेटरमध्ये तसं लिहा." तिथेच बसून एक परिच्छेद वाढवला, सुबेराची झोपडी नकाशावर कुठे आहे त्याचं प्रिंट जोडलं. पासपोर्ट २७ मेला हातात आला. मधल्या तीन आठवड्यांत मी रोज ट्रॅकिंग उघडून बघत होते. त्याचा उपयोग काही होत नाही, पण राहवत नाही.

सराव म्हणून जून-जुलैत दर शनिवारी पाठीवर नऊ किलो घेऊन सिंहगड, महिन्यातून एकदा लांबचा घाट. एवढं केलं तरी लक्षात ठेवा, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर. या वाटेवरच्या वरच्या खिंडी त्याच्यापेक्षा सातशे ते नऊशे मीटर उंच आहेत. गुडघ्यांची परीक्षा चढापेक्षा उताराला होते. दोन काठ्या घ्याच.

१९ ऑगस्टला तुलूजला पोचले. निघायच्या आधी एक दुपार र्यू द ला पॉम नावाच्या गल्लीत गेले. मारी-लुईझ दिसार इथे राहायच्या. १८८१ चा जन्म, म्हणजे युद्धात साठी उलटलेली. अंगाने बारीक, सोबत मिफूफ नावाचं मांजर. या बाईंवर कुणाला संशय येणार? आल्बेर गेरीस हे बेल्जियन लष्करी डॉक्टर 'पॅट ओलिअरी' या टोपणनावाने मार्सेयहून अशा लोकांना सीमेपार पोचवणाऱ्या माणसांची एक मोठी साखळी चालवत होते. मार्च १९४३ मध्ये ते तुलूजमध्येच फितुरीने पकडले गेले आणि साखळीचे धागे तुटले. ते दिसारबाईंनी पुन्हा जोडले. 'फ्रांस्वाझ' हे त्यांचं टोपणनाव. १९४४ च्या जानेवारीत एक वाटाड्या पकडला गेला, त्याच्याकडच्या वहीत बाईंचं नाव सापडलं. त्यानंतर त्या तळघरांत, माळ्यांवर लपून आपल्याच शहरात राहिल्या आणि तिथूनही काम चालूच ठेवलं. युद्धानंतर त्यांना ब्रिटनचं जॉर्ज पदक आणि अमेरिकेचं स्वातंत्र्यपदक मिळालं.

अशा साखळ्या अनेक होत्या. सर्वांत नावाजलेली कोमेत, ब्रसेल्सपासून बास्क प्रदेशापर्यंत. चोवीस वर्षांची आंद्रे द योंग ऑगस्ट १९४१ मध्ये एका ब्रिटिश सैनिकाला आणि दोन बेल्जियनांना घेऊन थेट बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत उभी राहिली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना आधी ती जर्मनांची हेर वाटली. ही मुलगी डोंगर चढून आली यावर त्यांचा विश्वासच बसेना. तिचा रस्ता पश्चिमेला, समुद्राजवळून, बिदासोआ नदी ओलांडून जायचा. तिथला डोंगर बुटका, पण पहारा कडक. आरिएजमध्ये उलट. पहाऱ्यावर डोंगराळ भागातले, कुत्रे बाळगणारे सीमारक्षक होते, म्हणून वाटाड्यांनी वाट मुद्दाम उंच आणि अवघड धरली. मी चालले ती ही वाट.

सें-जिरोंपर्यंत आता रेल्वे जात नाही. तुलूजहून बूसाँपर्यंत गाडी, तिथून बस. तेव्हा रेल्वे होती आणि शेवटच्या स्टेशनवर तपासणी असायची, म्हणून पुष्कळजण आधीच उतरून शेतांतून चालत यायचे. बरोबर भाचा, त्याची एक सहकारी आणि परवानाधारक गाइड. गाइडचे दिवसाला अडीचशे युरो, तिघांत वाटून. परवडत नसेल तर जुलैच्या सामुदायिक चालीत नाव नोंदवा, ते बरंच स्वस्त पडतं, फक्त प्रकृतीचा दाखला लागतो आणि जागा मर्यादित असतात. एकट्याने जाऊ नका.

२५ ऑगस्ट, सोमवार. पहिला दिवस गावं, कुरणं, ओक आणि चेस्टनटचं रान. चढ आहे पण अंगावर येत नाही. वाटेत लुई बारो या तरुण वाटाड्याची आठवण जपलेली जागा लागते. १९४३ मध्ये जर्मनांनी त्याला इथे मारलं. आमचा गाइड याच खोऱ्यातला. तो म्हणाला की त्याच्या आजीच्या पिढीत युद्धाबद्दल जेवताना बोलायची पद्धत नव्हती, कारण शेजारच्या घरात कोण कोणत्या बाजूला होतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं. वाटाड्यांमध्ये मेंढपाळ होते, शिकारी होते, आधीपासून तंबाखूची चोरटी ने-आण करणारेही होते. काही पैसे घेत, काही घेत नसत. थोडे असेही निघाले की ज्यांनी पैसे घेऊन माणसं अर्ध्यात सोडली. हे तो न लपवता सांगत होता आणि त्यामुळे बाकीचं जास्त खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी १,३९५ मीटरवरची कोल द ला कोर. इथे गाडीरस्ता येतो, आणि गुडघा किंवा मन मागे ओढत असेल तर परतायची ही शेवटची सोयीची जागा. इथे वाटाड्यांचं स्मारक आहे. पुढे सुबेराची झोपडी. दगडी भिंती, एक टेबल, फळ्यांचे बिछाने. व्हिसावाल्या मुलीला फोटो पाठवावासा वाटला. पाण्याचा झरा जवळ आहे, पण मेंढ्यांचा कळपही जवळ आहे, तेव्हा गोळ्या टाकूनच प्या. आणि कळप राखणारे पांढरे मोठे कुत्रे दिसले की थांबा, काठी उगारू नका, लांबून वळसा घाला.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. बहिणीने निघण्यापूर्वीच ऐकवलं होतं, "अगं, वर्षातून एकदा गणपती येतो, तुला नेमका तेव्हाच डोंगर सुचतो?" पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात निघालो. क्राबेरूसची खिंड २,३८२ मीटर. चढ सरळ, आधी गवत, मग घसरता खडा. गवत ओलं असलं की बूट धरत नाही आणि खाली बघू नये असं कितीही ठरवलं तरी नजर जाते. मला तिथे भीती वाटली, साधी पोटातली भीती, आणि ती मोठ्याने बोलून टाकल्यावर गाइडने चार पावलं पुढे चालत मला फक्त त्याच्या टाचांकडे बघायला सांगितलं. जमलं. बरोबर काळोख असता, पायात भिजून फाटलेल्या दोरीच्या चपला असत्या आणि खोकला दाबायला लागला असता तर जमलं नसतं.

खिंडीच्या पलीकडे एका विमानाचे अवशेष पडलेत. ब्रिटिश हॅलिफॅक्स. जुलै १९४५ मध्ये, म्हणजे युरोपातलं युद्ध संपल्यावर, सरावाच्या उड्डाणात इथे कोसळलं आणि सातही जण गेले. ॲल्युमिनियमचा एक वाकलेला पत्रा अजून इतका चकचकीत आहे की कालच पडल्यासारखा वाटतो. रिव्हेटांची रांग हाताला लागते. भाच्याचं कामच विमानाच्या सांगाड्यांचं, तो बराच वेळ ओणवा होऊन तो सांधा बघत बसला. तिथेच त्याने डबा उघडला. त्याने आदल्या आठवड्यात ओल्या नारळाच्या वड्या केल्या होत्या, मोदकाऐवजी. चौघांनी एक-एक खाल्ली. गाइडला आवडली, त्याने दुसरी मागितली.

मग पेकुशची खिंड आणि उतरून एस्तान्यूस, २,२४५ मीटरवरचं मोठं डोंगरघर, माथ्यावर २,८३८ मीटरचा माँ व्हालिए. मुक्काम, रात्रीचं जेवण आणि नाश्ता मिळून साधारण पन्नास युरो. स्वतःची चादरीची पिशवी न्यावी लागते, ब्लँकेट मिळतं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. तिथे गेल्यावर सांगितलं तर चीज आणि पाव, बस. कार्ड चालेलच याचा भरवसा धरू नका. कानात घालायला बोळे न्या, खोलीत वीस माणसं घोरतात.

जेवताना टेबलावर एका जोडप्याने विचारलं, भारतातून ही वाट चालायला कशी काय आलात. मी त्यांना एपिनालची गोष्ट सांगितली. ११ मे १९४४ ला पूर्व फ्रान्समधल्या एपिनालवर अमेरिकी विमानांनी बाँब टाकले, ते तिथल्या युद्धकैदी छावणीवरही पडले. ती छावणी भारतीय सैनिकांची होती, पुष्कळसे उत्तर आफ्रिकेत पकडलेले. कुंपण तुटलं आणि ते बाहेर पडले. त्यातले सुमारे ५०० जण चालत स्वित्झर्लंडला पोचले. खोटे कागद नाहीत, साधे कपडे नाहीत, रंग लपणार नाही, भाषा येत नाही. त्यांना ना कोमेत भेटली ना दिसारबाई. वाटेवरच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी गोठ्यात झोपवलं, बटाटे दिले, पुढच्या गावाची दिशा दाखवली. टेबलावरच्या फ्रेंच माणसांना हे ठाऊक नव्हतं. आपल्याकडे तरी कितीजणांना ठाऊक आहे?

शेवटचा दिवस सर्वांत लांब. आधी डोंगरघरापर्यंत कमावलेली उंची घालवून दोन तळ्यांपर्यंत खाली उतरायचं, मग पुन्हा क्लाउएरच्या खिंडीला, २,५२२ मीटर. वर मोठमोठे दगड एकावर एक, प्रत्येक पाऊल तपासून. जुलैत इथे बर्फाचे पट्टे असतात, तेव्हा बुटांना खिळे लावायची सोय विचारून घ्या. ऑगस्टअखेर बर्फ नव्हता, पण दुपारी ढग जमतात, म्हणून अकराच्या आत माथा गाठायचा असं गाइडने बजावलं होतं. दहा वाजून चाळीस मिनिटांनी पोचलो. सीमेवर चौकी नाही, पोलिस नाही, शिक्का नाही. तीन महिने ज्या व्हिसासाठी जीव टांगणीला लावला, तो इथे कुणी विचारत नाही. फोनवर मात्र लगेच स्पेनच्या कंपनीचा स्वागताचा मेसेज आला.

स्पेनच्या बाजूला आलोस दिसिलपर्यंत बाराशे मीटरचा उतार. गुडघ्यांनी तिथे हिशोब चुकता केला. गाडी आधी ठरवून ठेवा, खाली टॅक्सी उभी नसते.

बहुतेकजण एस्तेरीला पोचून थांबतात. माझा आग्रह आहे की एक दिवस जास्त ठेवा आणि दरीतून खाली सॉर्तला जा. तिथलं जुनं तुरुंगाचं घर आता संग्रहालय आहे. वेळा कमी असतात, आधी फोन करा. सीमा ओलांडून थकून खाली आलेल्यांना स्पेनचे सिव्हिल गार्ड पकडायचे आणि इथे आणायचे. स्पेन तटस्थ म्हणवायचा, पण हुकूमशहा फ्रँकोचं राज्य होतं. इथून लेरिदा, तिथून पुष्कळांची रवानगी मिरांदा द एब्रोच्या छावणीत, आणि महिनोन् महिने वाट बघून ब्रिटिश वकिलातीच्या खटपटीने जिब्राल्टर. तिथे सैनिकांना जहाज मिळायचं, म्हणजे पुन्हा युद्ध. नोंदवहीत नाव, वय, देश लिहावा लागे. फ्रेंच पोरं 'कॅनेडियन' असं सांगत, कारण फ्रेंच म्हटलं की परत पाठवायची किंवा जास्त काळ डांबायची भीती. वयातही एक-दोन वर्षं इकडेतिकडे करत, लष्करी वयात बसू नये म्हणून. डोंगरावर जिवंत राहिलेल्या माणसाला खाली येऊन पुन्हा एकदा नवं नाव पाठ करावं लागत होतं.

परतीचं सांगते. सॉर्तहून बार्सिलोनाकडे बस आहे, दिवसातून मोजक्याच, आणि तिथून तुलूजला दुसरी. जवळजवळ अख्खा दिवस जातो. विमान सोडून माझा सगळा खर्च साधारण एक लाख दहा हजार रुपये झाला, त्यात विमा, व्हिसा आणि गाइडचा वाटा आला. भाच्याच्या घरचं जेवण त्यात धरलेलं नाही. बुकिंगच्या पावत्या, विमा आणि निमंत्रणपत्राची झेरॉक्स परत येईपर्यंत पिशवीत ठेवा, परतताना तुलूजच्या बसमध्ये पोलिसांनी कागद तपासले होते. पंधरा मिनिटं बस उभी होती. माझ्या पासपोर्टवरून त्यांनी एकदा नजर फिरवली आणि पुढच्या बाकाकडे गेले, तिथल्या मुलाला मात्र त्यांनी सामानासकट खाली उतरवलं.